फ्रीस्टाईल स्कीइंग: गिरक्या मोजायच्या की स्टाईल बघायची?

उतारावरचा:
२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली मुलींची बिग एअरची, म्हणजे एका मोठ्या रॅम्पवरून हवेत कसरत करायच्या प्रकाराची, फायनल परवा पुन्हा पाहिली. मागे जुन्या पोलाद कारखान्याचे कूलिंग टॉवर, पुढे तो उंच रॅम्प. फ्रान्सची तेस लेदू पहिल्या नंबरवर. चीनच्या एलीन गूने शेवटच्या उडीत, स्वतः स्पर्धेत तोवर एकदाही न केलेली डबल कॉर्क १६२० मारली. म्हणजे तिरक्या अंगाने १६२० अंश, साडेचार गिरक्या. १८८.२५ विरुद्ध १८७.५०, पाऊण गुणाने सुवर्ण.

उडी जबरदस्त होती, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हापासून जो तो एकच विचारतो, पुढचा आकडा कोणता? मला तेच खुपतं. नव्वदच्या दशकात मोगल्समध्ये, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून वळत उतरायच्या प्रकारात, डोकं खाली करून उडी मारायला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची बंदी होती. त्या नियमांना कंटाळून माइक डग्लस, जेपी ऑक्लेर आणि कॅनडातले त्यांचे सोबती स्नोबोर्डवाल्यांच्या उड्या-रॅम्पच्या पार्कात घुसले. दोन्ही टोकं वर वळलेल्या स्कीसाठी ते कंपन्यांच्या मागे लागले, म्हणजे पाठमोरं उतरता येईल आणि पाठमोरंच पुढे निघता येईल. १९९८ मध्ये ती स्की आली आणि खेळच पालटला. नियमांच्या वहीतून सुटण्यासाठी उभा राहिलेला हा खेळ आज पुन्हा आकडेमोडीत अडकलाय. हवेत माणूस इतक्या वेगाने फिरतो की कोण आहे तेच ओळखू येत नाही.

गणित_आवडतं:
असहमत. ज्या स्कीबद्दल एवढ्या प्रेमाने लिहिलंत, तिचं नावच ‘टेन एटी’ होतं. १०८०, म्हणजे तीन गिरक्या! आकडा कुणी बाहेरून आणून लादलेला नाही.

आणि आकडा वाढला की स्टाईल मरते हेही पटत नाही. २०१३ च्या ॲस्पेन एक्स गेम्समध्ये (अमेरिकेतली अशा साहसी खेळांची मोठी स्पर्धा) स्वीडनच्या हेन्रिक हार्लॉटने नोज बटर ट्रिपल कॉर्क १६२० मारून सुवर्ण नेलं. रॅम्पच्या कडेला पोचल्यावर स्कीच्या पुढच्या टोकांवर भार टाकायचा, ब्रेडवर लोणी फिरवावं तसं बर्फावरच घसरत वळायचं आणि तिथूनच हवेत जायचं. गिरक्या साडेचारच, पण शंभर जणांत ओळखाल तुम्ही त्याला. ती उडी तुम्ही कुठल्या बाजूला टाकणार?

जुना_भिडू:
धागाकर्त्यांशी सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. चुरसच राहिली नाही. टॅनर हॉल आणि सायमन ड्यूमाँ हे दोन स्कीअर आठवा. एक्स गेम्सच्या सुपरपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या मोठ्या हाफपाइपमध्ये, २००४ आणि २००५ ला ड्यूमाँ, मग २००६ पासून सलग तीन वर्षं हॉल. ड्यूमाँ म्हणजे उंची, हॉल म्हणजे लय. आपण एकाचे तरी असायचोच. आता खाली उतरलं की सगळे सगळ्यांना मिठ्या मारतात. उद्या हरवायचंय ज्याला, त्याला आज मिठी कशी मारवते?

डेन्व्हरची_आई:
जुना_भिडू, त्याच बीजिंगच्या फायनलनंतर लेदू बर्फात बसून रडत होती. गू आणि स्वित्झर्लंडची माटिल्ड ग्रेमो, सुवर्ण आणि ब्राँझवाल्या दोघी, तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्याच ग्रेमोने आठवड्याभराने स्लोपस्टाईलमध्ये, म्हणजे अडथळे आणि उड्यांच्या उतारावर, गूला मागे टाकून सुवर्ण घेतलं. मिठीने चुरस कमी झालेली मला तरी दिसली नाही.

आता आकड्यांबद्दल. आकड्यांना नावं ठेवणं मुलग्यांना परवडतं. मुलींना वर्षानुवर्षं ‘हे तुमचं काम नाही’ असंच ऐकावं लागलं. कॅनडाच्या सारा बर्कने हाफपाइप ऑलिंपिकमध्ये यावं म्हणून किती वर्षं घासली. २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०१२ मध्ये पार्क सिटीत सरावात पडून ती गेली. २०१४ ला सोचीत मुली त्या पाइपमध्ये उतरल्या, तेव्हा ती नव्हती. लेदूने जानेवारी २०२२ मध्ये एक्स गेम्समध्ये १६२० उतरवली, मुलींमध्ये पहिलीच. तीन आठवड्यांच्या आत गूने तीच उडी तिच्याचविरुद्ध मारली. ‘मुलींना जमत नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडं साडेचार गिरक्यांनी बंद झाली, स्टाईलच्या गप्पांनी नाही.

उतारावरचा:
सारा बर्कबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. ती बाजू मी धरली नव्हती, मान्य.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. मोगल्समध्ये १०० पैकी ६० गुण वळणांना, २० उड्यांना, २० वेगाला. तशी बिग एअरमध्येही स्टाईलसाठी ठरावीक वाटणी करा. मग कोणी फक्त फिरत बसणार नाही.

गणित_आवडतं:
आणि त्या ६० गुणांपायी मोगल्सचं काय झालं? वरून खालपर्यंत सगळ्यांचे गुडघे सारखेच चिकटलेले, हात सारखेच पुढे. स्टाईलला गुण ठरवले की जजला आवडणारी एकच स्टाईल उरते. सत्तरच्या दशकातले हॉटडॉगर्स, म्हणजे कसरती करणारे स्कीअर, त्याच उंचवट्यांवर मन मानेल तसे उतरायचे, जुन्या चित्रफिती बघा.

जुना_भिडू:
हे मात्र खरंय. मोगल्स बघताना छातीवरचा बिब नंबर वाचावा लागतो.

उतारावरचा:
मग काहीच करायचं नाही?

डेन्व्हरची_आई:
ग्रॅब बघा, म्हणजे हवेत हाताने स्की कशी धरली ते. मी तेच बघते. माझी लेक तेरा वर्षांची आहे, शनिवारी पार्कात असते. तिची ३६० केव्हाच बसली होती, पण हात स्कीला नुसता लागायचा आणि सुटायचा. तिचा कोच म्हणायचा, “शिवलीस, धरली नाहीस.” अख्खा डिसेंबर तिने ५४० चं नाव काढलं नाही, एकच ३६० मारत राहिली. परवा बुटाच्या पुढची स्कीची कड तिने मुठीत घेतली आणि उतार दिसेपर्यंत सोडली नाही. गिरकी तीच, पण ती हवेत थांबल्यासारखी वाटली. लिफ्टच्या रांगेतल्या अनोळखी पोरांनी काठ्या आपटल्या. ही सवय लागलेली पोरं उद्या १६२० मारतील तेव्हाही हात तिथेच ठेवतील, असं मला वाटतं.

गणित_आवडतं:
काकू, पण १६२० मारतील हे तुम्हीही धरूनच चालताय.

डेन्व्हरची_आई:
हो. आणि मला भीतीही वाटते.