साडेनऊ वाजले की पोटात कालवतं : निवृत्तीनंतरच्या दिवसांचे अनुभव लिहा

टपालपेटी
काल हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. नोव्हेंबरची गर्दी. माझ्या पुढच्या आजींच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. पदराला पुसून झालं, ओल्या रुमालाने पुसून झालं, दुसरं बोट, तिसरं बोट, काही नाही. आजी म्हणाल्या, "भांडी घासून घासून रेघा गेल्या रे बाबा." आणि मला एकदम आमचे अण्णा आठवले.

अण्णा १९९४ साली पोस्टातून निवृत्त झाले. तेव्हा केंद्रातही निवृत्तीचं वय ५८ च होतं. पुढे महिनाभर रोज नऊला आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून राहायचे. निविदांच्या जाहिरातींसकट पेपर वाचायचे. घरात कोणी त्यावर बोलायचं नाही. एक दिवस आईने त्यांना पासबुक भरून आणायला बँकेत पाठवलं, ते दोन तास परतलेच नाहीत. मी बघायला गेलो तर बाकावर बसून बाजाराला आलेल्या बायकांना पैसे काढायच्या स्लिपा भरून देत होते. ते त्यानंतर अकरा वर्षं चाललं. सोमवार ते शुक्रवार, साडेदहा ते एक. स्वतःचं पेन, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि अंगठा पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. तो तुकडा आई दर रविवारी वेगळा धुवायची. रक्कम अक्षरी लिहिताना मोठ्याने म्हणायचे, "सातशे रुपये फक्त. बरोबर ना?" बाईने मान हलवल्याशिवाय सहीच्या जागेकडे जायचे नाहीत.

मी मे महिन्यात पाटबंधाऱ्यातून सुटलो. भाचीचं लग्न, घराचं रंगकाम यात उन्हाळा-पावसाळा निघाला. आता साडेनऊ वाजले की पोटात कालवतं. पैशाची ददात नाही, तब्येत बरी आहे, तरी कालवतं. तुम्ही काय केलंत, घरच्यांनी काय केलं, लिहा. जे जमलं नाही तेही लिहा.

जाईजुई
धोतराचा तुकडा वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावलाय, संध्याकाळी लिहिते.

पायवाट
ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून होतं आता. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधारचं फेस आरडी अशी दोन्ही अ‍ॅप घ्यायची. उजेड समोरून हवा, मागे खिडकी नको. आमच्या आईचं असंच केलं, पाच मिनिटांत झालं. त्या आजी परत भेटल्या तर सांगा त्यांना.

रुळावरून
रेल्वेत लोको पायलट होतो, साठाला उतरलो. अडीचला उठून तीनला साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजर, अशी अर्धी हयात गेली. रात्री अडीचला डोळे उघडायचे आणि घर झोपलेलं. उजाडेपर्यंतचा तो वेळ फार वाईट, साहेब. रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, निदान चहा आणि बोलायला माणूस असायचा.

पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जायचो. तिथे काही जण झाडांना पाणी घालताना दिसले. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन वर जायचं, आळ्यात हळूहळू ओतायचं. भसकन ओतलं तर पाणी उतारावरून पळतं, मुळाला काही मिळत नाही, हे मला तिथल्या एका बाईंनी शिकवलं. नवं रोप लावलं की तीन उन्हाळे काढून द्यायचे, मग ते आपलं आपण बघतं. माझ्याकडे आता एकोणीस झाडं आहेत. बहावा, करंज, पळस. एक पळस बारा वर्षांच्या मुलासारखा हट्टी आहे, दर वर्षी वाळतो आणि पावसात बुंध्यातून परत फुटतो.

कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावले की भोर घाटातला १:३७ चा चढ गाडी कशी चढते ते अंगाला कळायचं. कॅन घेऊन चढताना रोज तेच आठवतं. अडीचला जाग अजूनही येते, पण आता त्या वेळी उद्या कुठल्या आळ्याची माती मोकळी करायची ते मनात घोळवत पडून राहतो.

मातीचे हात
रुळावरून, बहावाच्या बिया हव्यात का? उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, कवच टणक असतं, तशाच टाकल्या तर वर्षभर ढिम्म राहतात.

रुळावरून
हव्यात की! शेंगासकट ठेवा. आणि टेकडीवर उंदीरमारी फार माजलीय, तिच्याखाली दुसरं काही येत नाही, त्यावर तुमचं काय म्हणणं?

मातीचे हात
एकदम तोडू नका, माती उघडी पडते. आधी मधे मधे आपली देशी रोपं वाढू द्या, मग एकेक काढा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गिरणगाव
आमच्या बाबांना निवृत्ती मिळालीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ४१ वर्षांचे. गिरणी परत लागली नाही ती नाहीच. ना निरोप समारंभ, ना नारळ-शाल. पुढची पंधरा-सोळा वर्षं मिळेल ते केलं. वॉचमन, कुरियर, फटाक्यांचा स्टॉल. धाकट्याला नोकरी लागली आणि ते मालवणकडे गावी गेले.

गावात गणपतीची शाळा आहे, नागपंचमीपासून रात्री जागतात. बाबा नुसते बघायला जायचे. मग शाडू मळायला बसले. मग हात गुळगुळीत करणं, पितांबराचा रंग. डोळ्यांची आखणी मात्र म्हाताऱ्या मूर्तिकाराशिवाय कोणी करत नसे. सातव्या वर्षी त्यांनी बाबांच्या हातात बारीक ब्रश दिला. बाबांनी त्या दिवशी मला मुंबईला फोन केला, काही बोलले नाहीत, फक्त "आज डोळे काढले" एवढंच. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन रडले.

गेल्या वर्षी गेले. त्यांचा ब्रश माझ्याकडे आहे.

टपालपेटी
गिरणगाव, काय लिहू. नमस्कार त्यांना.

सायंतारा
"आज डोळे काढले." हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाणार नाही.

रात्रपाळी
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स. त्यातल्या निम्म्या रात्री जागून काढल्या. माझ्या हातून जन्मलेली मुलं आता बाप झालीत. निवृत्त झाले तर प्रत्येकाचं एकच, ताई आता काय करणार, एवढा अनुभव, शिबिरं घ्या, शिकवा.

मी काही करत नाही. नऊला झोपते. पाऊस असला की खिडकी उघडी ठेवून ऐकत पडते, आयुष्यभर पाऊस म्हणजे वॉर्डात गळणाऱ्या जागी बादल्या ठेवणं होतं. दुपारी झोपाळ्यावर बसून शेंगा फोडते. दोन वर्षं झाली, एकदाही कंटाळा आलेला नाही. माणसाने सतत कोणाच्या तरी उपयोगी पडलंच पाहिजे का? मी भरपूर पडले.

सायंतारा
रात्रपाळी, तुमच्या झोपाळ्याला माझा दंडवत. माझी आई अंगणवाडी सेविका होती, तिलाही असंच हवं होतं, आम्ही तिला दोन नातवंडं सांभाळायला दिली. आज वाईट वाटतं.

घाटमाथा
मोडी शिका! कोणीच कसं लिहिलं नाही? मी लेखापरीक्षणात होतो, आकड्यांशिवाय काही माहीत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात काही कामाने गेलो आणि तिथे एक पान बघून थबकलो. आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्यांना टांगत जायची, बोरू शक्यतो न उचलता. र्‍हस्व-दीर्घाची भानगड नाही. पहिले तीन महिने 'स' आणि 'म' एकच दिसतात, मग एका सकाळी दिसायला लागतं. आमच्या गावच्या देवळाच्या जमिनीचा कागद मी स्वतः वाचला, त्यात माझ्या खापरपणजोबांचं नाव साक्षीदार म्हणून आहे. अंगावर काटा आला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा आमच्यासारख्या वाचणाऱ्यांना तालुक्यातालुक्यातून बोलावणी येत होती. जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, कडा कुरतडलेल्या, बसून वाचले. दुपारचा डबा घेऊन जायचो, पुन्हा नोकरीला लागल्यासारखं.

पायवाट
बोरू कुठे मिळतो हो? मुलीला सुलेखनासाठी हवाय.

घाटमाथा
मी बोरूच्या काड्या आणून स्वतः तासतो. कटनिबनेही चालतं सुरुवातीला. टोक तिरकं कापायचं, उजवीकडे की डावीकडे ते तुमच्या हातावर. फोटो टाकतो.

एकटीच
आम्ही ठरवलं होतं. हे सुटले की नर्मदा परिक्रमा, पायी. बूट आणले होते, चालायचा सराव सुरू होता. निवृत्तीनंतर नव्वद दिवसांत हे गेले. सगळ्यांचं वाचतेय. लिहायला फार काही नाही.

जाईजुई
एकटीच, तुमच्यापाशी बसल्यासारखं समजा. लिहायची घाई नाही.

रात्रपाळी
फोन करावासा वाटला तर व्यनित नंबर देते. मी दुपारी मोकळीच असते.

जाईजुई
आता लिहिते. गृहिणीला निवृत्ती नाही हे सगळे म्हणतात आणि म्हणून सोडून देतात. हे घरी बसले तेव्हा माझं काम वाढलं. आधी दोन चहा होते, ते पाच झाले. दुपारी दीड ते चार हा माझा वेळ होता, त्यात टीव्हीच्या बातम्या शिरल्या. एक दिवस मी सरळ सांगितलं, दीड ते चार मी घरी नसेन.

मैत्रिणीने अंध मुलांसाठी लेखनिक म्हणून नेलं. पहिला पेपर इतिहासाचा. मुलगी बारावीची. प्रश्न वाचायचा, ती म्हणेल तर पुन्हा वाचायचा, आणि सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं. तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, पण तीही कमी पडतात. मध्येच तिने एक साल चुकीचं सांगितलं. मला बरोबर माहीत होतं. माझा हात थांबला. ती म्हणाली, "काकू, थांबलात?" तिला पेनच्या आवाजावरून कळलं होतं! मी म्हटलं, नाही गं, आणि चुकीचंच लिहिलं. घरी येऊन रात्रभर तळमळले. मैत्रीण म्हणाली, तेच बरोबर केलंस, पेपर तिचा आहे.

आता सात वर्षं झाली. ह्यांनीही चहा करायला शिकून घेतलाय, आलं जरा जास्त घालतात, पण दीड वाजता कप तयार असतो आणि मग मी निघते.

मातीचे हात
साल कोणतं होतं?

जाईजुई
ते मी कोणालाच सांगत नाही.

पलीकडचा किनारा
न्यू जर्सीहून. मुलाकडे सहा महिने असते. इथे फार एकटं पडायला होतं, गाडी येत नसेल तर घराबाहेर पाऊल नाही. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी घ्यायला लागले आणि आठवड्याला कणा मिळाला. माझा एक सहा वर्षांचा विद्यार्थी 'ळ' म्हणता आला म्हणून वर्गभर 'काळा कावळा' म्हणत धावला. नातू उठला, नंतर येते.

पायवाट
विषय निघालाय म्हणून, एसटीत ७५ च्या पुढे पूर्ण मोफत आहे ऑगस्ट २०२२ पासून, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. आमचे तात्या त्यावर दर गुरुवारी एकेक तालुक्याचा बाजार बघून येतात. मागच्या आठवड्यात अकलूज झालं. येताना प्रत्येक ठिकाणची मिरची आणतात, घरात आता बावीस बरण्या आहेत, कागद चिकटवून.

सायंतारा
तात्यांना सांगा, भिवापूरची मिरची पाहिजे असेल तर मी पाठवते!

पायवाट
सांगतो आणि ते येतीलच घ्यायला, पत्ता जपून द्या.

टपालपेटी
सगळं दोनदा वाचलं. जाईजुई, लेखनिक व्हायला कोणाला भेटायचं? माझं अक्षर अण्णांइतकं नाही, पण वाचता येतं. इंजिनिअरिंगच्या विषयाचा पेपर मला चालेल की नाही तेही कळवा.

जाईजुई
तुमच्या शहरातल्या अंधशाळेत सरळ जा, फेब्रुवारी-मार्चला माणसं कमीच पडतात. विषयाचं तेच सांगतील, लेखनिकाच्या शिक्षणाबद्दल परीक्षेपरीक्षेचे नियम वेगळे असतात. आधार, दोन फोटो, आणि दोन पेनं न्या. तिथलं एक नेहमी संपलेलं असतं.

रुळावरून
मातीचे हात, शेंगा किती वाळल्यावर काढायच्या? काळ्या झाल्यात, हलवल्या की खुळखुळतात.

मातीचे हात
खुळखुळल्या म्हणजे झाल्या. आतला काळा गर हाताला लागतो, जुना टॉवेल घ्या.