मदत हवी आहे : बाइकचा काटा ८० म्हणतो, जीपीएस ७३

मंडळी, माझी १५० सीसीची बाइक आहे, मीटर डिजिटल. रविवारी सातारा रस्त्याला सहज मोबाइलवर जीपीएस लावून बघितलं. मीटरवर ४० असताना जीपीएस ३७, ६० ला ५५ आणि ८० ला चक्क ७३! मोबाइलच चुकत असेल म्हणून मागे बसलेल्या भावाला किलोमीटरच्या दोन दगडांमधली वेळ मोजायला लावली. मीटरवर ८० धरून ४९ सेकंद लागले. खरोखर ८० असते तर ४५ लागायला हवे होते. म्हणजे जीपीएसच बरोबर.

काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडा जास्त चालतो, असा नियम असतो हे माहीत आहे. पण गंमत म्हणजे १० दगडांच्या अंतरात ओडोमीटरवर (एकूण अंतर मोजणाऱ्या आकड्यावर) बरोबर १० किलोमीटरच पडले! वेग आणि अंतर दोन्ही मोजणारा चाकावरचा सेन्सर एकच, मग वेग तेवढा फुगवलेला कसा?

गेल्या महिन्यात मागचा टायर ११०/९०-१७ काढून १२०/८०-१७ टाकलाय, पण त्याने व्यासात जेमतेम एक टक्का फरक पडतो. शिवाय माझा सेन्सर पुढच्या चाकाला आहे. गॅरेजवाला म्हणतो, "मीटरच बदला." खर्च करू का? कोणी स्वतः मोजून पाहिलंय का? तुमच्या गाडीत ८० ला किती फरक येतो?