विषय: स्टीव्हन्सच्या सहलीआधी स्की घ्यायच्यात, कंबर ८८ की ९८?

प्रेषक: निखिल (बॉथेल)

मंडळी,
शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, विकणारा शनिवारी दुपारपर्यंतच थांबणार आहे. तीन सीझन भाड्याच्या स्की वापरल्या, आता स्वतःची जोडी घ्यायची आहे. एकच, कारण दुसरीचं बजेट नाही.

एक जोडी नवी आहे: कंबर (म्हणजे पायाखालची, सर्वांत अरुंद जागेची रुंदी) ८८ मिलिमीटर, लांबी १७३ सेंटिमीटर, आत धातूचे दोन पत्रे. दुसरी वापरलेली, कंबर ९८, लांबी १८०, बाइंडिंगसकट (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडणारा जोड) जवळपास अर्ध्या किमतीत. माझी उंची १७५, वजन ७८ किलो. निळ्या (मध्यम) उतारांवर निवांत उतरतो, काळ्यावर (अवघड) दिवस चांगला असेल तरच. मागच्या फेब्रुवारीत सकाळी काच, अकरा वाजता ओला भुगा आणि तीनला पाऊस, हे सगळ्यांनी पाहिलंय. तसल्या दिवशी चालेल अशी जोडी हवी.
निखिल

प्रेषक: श्रीधर (इसाक्वा)

निखिल,
दोन्हींच्या मधली घे. ९२ ते ९६.

आपला वॉशिंग्टन राज्यातला बर्फ यूटासारखा कोरडा नसतो. पॅसिफिकवरून आलेले ढग कॅस्केड डोंगररांगेला आपटतात आणि तापमान शून्याच्या आसपास असतानाच रिकामे होतात. पडतो भरपूर (माउंट बेकरला १९९८-९९ च्या सीझनमध्ये १,१४० इंच पडला, तो जागतिक विक्रम आहे), पण जड पडतो. त्याला इथे कॅस्केड काँक्रीट म्हणतात ते उगाच नाही. स्टीव्हन्सची खिंड ४,०६१ फुटांवर, स्नोक्वाल्मीची खिंड त्याहून हजारेक फूट खाली, म्हणून भर जानेवारीतही तिथे पाऊस लागतो. रात्री तोच ओला बर्फ गोठतो आणि सकाळी तू म्हणतोस ती काच होते.

काचेवर ८८ छान. स्की जितकी रुंद तितकी तिची कड बुटाच्या मध्यापासून लांब जाते, आणि ती कड कडक बर्फात रुतवून ठेवायला घोटा-गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो. ९८ वर दिवसभर काच उतरलास तर संध्याकाळी गुडघे सांगतील. पण दुपारी लोकांनी उकरलेल्या बर्फाचे गुडघाभर ढीग होतात, तिथे अरुंद स्की खाली बुडते. आणि तिथे रुंदीपेक्षा वजन महत्त्वाचं. हलकी स्की ढिगावर आदळली की टोक बाजूला फेकलं जातं, पाय एकीकडे आणि अंग दुसरीकडे. धातूची जड स्की ढीग फोडून सरळ निघते. टोकाला थोडा रॉकर हवा, म्हणजे पुढचा भाग उचललेला, अडकत नाही. पायाखाली मात्र कॅम्बर, म्हणजे कमानीसारखा वर उचललेला मधला भाग, हवाच, नाहीतर काचेवर कड धरणार नाही.

दुकानात नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४ आणि फोल्कलची मंत्रा, जिची कंबर ९६ आहे, या दोन्ही हातात घेऊन बघ. धातू असलेल्या स्कीचं वजन लगेच कळेल. १८० लांबी तुझ्या डोक्याच्याही वर जाते, ती नको. हनुवटी ते कपाळ यांच्यामध्ये कुठेतरी बसली पाहिजे.
श्रीधर

प्रेषक: मेधा (रेडमंड)

श्रीधर, सगळं बरोबर, पण त्याच्याकडे बूट आहेत का हे कुणी विचारलं का? माझ्या पहिल्या दोन वर्षांत स्की उत्तम आणि बूट एक नंबर मोठे होते. पाय आत सरकायचा, वळण घ्यायला निघालं की पाय आधी वळायचा, बूट आणि स्की नंतर. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गेली. निखिल, आतला मऊ लायनर काढ, नुसत्या कवचात पाय घाल, बोटं पुढे टेकव आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघ. एक ते दोन बोटं, त्याहून जास्त नको. पैसे आधी बुटात घाल.
मेधा

प्रेषक: प्रसाद (केंट)

निखिल, वापरलेली जोडी बाइंडिंगसकट म्हणालास. बाइंडिंग किती जुनं आहे? मी स्वॅपमध्ये (वापरलेल्या सामानाच्या बाजारात) घेतलेल्या जोडीचं काय झालं ते सांगतो. कंपन्या दरवर्षी दुकानांना एक यादी देतात, कोणत्या बाइंडिंगची जबाबदारी त्या अजून घेतात याची. यादीत नसलेलं बाइंडिंग दुकानवाला हातातही घेत नाही. स्क्रू पिळायचं नाव नाही, की सुटण्याची चाचणी नाही. मी तीन दुकानं फिरलो, तिन्ही ठिकाणी हेच. शेवटी नवं बाइंडिंग घेतलं, जुन्या भोकांपासून अंतर ठेवून नवी भोकं पाडली, आणि स्वस्तातली जोडी नव्याच्या भावात पडली. सुटण्याचा आकडा (किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा तो) घरी स्वतः लावू नकोस. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तू कसा स्की करतोस या सगळ्यावरून तो ठरतो.

दुसरं म्हणजे, तुझे बूट ग्रिपवॉक तळव्याचे (चालायला सोपा, गोलसर तळवा) असतील तर जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसणारच नाहीत.
प्रसाद

प्रेषक: वैशाली (सहल समिती)

नमस्कार,
उपकरणांच्या चर्चेसाठी क्रीडा समितीचा वेगळा धागा आहे, ऑक्टोबरच्या बैठकीत तसं ठरलं होतं. इथे सहलीची नोंदणी चालू आहे आणि अजून अकरा जणांची उत्तरं आलेली नाहीत. व्हॅन दोनच आहेत.

तसंच, मंडळाच्या मुलांच्या स्की मागच्या वेळी ओल्याच पिशवीत भरून आल्या. परवा पिशवी उघडली तेव्हा सातपैकी चार जोड्यांच्या कडांवर तांबूस गंज होता आणि पिशवीच्या तळाशी अजून पाणी होतं. ज्यांनी शेवटी आवरलं त्यांनी या वर्षी स्की पुसून, उघड्या ठेवून वाळवाव्यात. मुलांच्या हातात आपण त्याच देतो.
वैशाली

प्रेषक: श्रीधर

वैशाली, क्रीडा समितीच्या धाग्यावर मे महिन्यापासून एकही मेल नाही. आणि ज्याला सहलीलाच स्की न्यायच्यात त्याने इथे विचारलं तर काय बिघडलं? गंजाचं मी बघतो. वरवरचा असेल तर कडेच्या रबरी दगडाने निघतो. शनिवारी किल्ली घेऊन येतो.

प्रेषक: अरुण (बेलव्ह्यू)

श्रीधर यांनी जड बर्फाचं लिहिलं त्यावरून आठवलं. मी स्की शिकलो गुलमर्गला, वयाच्या ३४ व्या वर्षी. पायथाच २,६५० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या स्टीव्हन्सच्या दुपटीहून उंच, आणि थंडी कोरडी. बर्फ मुठीत धरला तर गोळा होत नव्हता, रव्यासारखा बोटांतून गळायचा. इथे आल्यावर पहिल्या दिवशी वाटलं, आपण काही शिकलोच नाही. मग सह्याद्रीतला घसारा आठवला. घसाऱ्यावर मागे रेललं की माणूस गेलाच, वजन पुढे ठेवून छोटी पावलं टाकायची. ओल्या बर्फात तेच करतो.

निखिल, वसंतातल्या चिकट बर्फात रुंदीपेक्षा मेण उपयोगी पडतं. तापमानाप्रमाणे मेण बदललं नाही तर सपाटीवर स्की एकदम थांबते आणि तोंडावर पडायची वेळ येते.

प्रसाद, पन्नाशीनंतर तो आकडा एक पायरी खाली येतो, हेही दुकानात वय खरं सांगणाऱ्यालाच मिळतं. खरं सांगावं.
अरुण

प्रेषक: निखिल

मंडळी, शनिवार संध्याकाळ.
वापरलेली जोडी घेऊन आधी दुकानात गेलो, विकणाराही सोबत आला, भला माणूस. दुकानातल्या मुलीने बाइंडिंगचं नाव वाचलं, यादीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. प्रसाद, अगदी तू म्हणालास तसं. शिवाय माझे बूट ग्रिपवॉकच निघाले. मेधाताई, कवचात पाय घालून बघितला, मागे दीड बोट. बूट राहतायत.

८८ पण सोडली. मागच्या सीझनची एक जोडी मिळाली, कंबर ९४, लांबी १७२, धातूची. उचलली तर भाड्याच्या जोडीपेक्षा चांगलीच जड लागली. नवं बाइंडिंग १०० मिलिमीटरच्या ब्रेकसकट (सुटलेली स्की थांबवणारे) गुरुवारी बसवून देणार आहेत. बजेटच्या वर गेलं, पण तीन सीझनच्या भाड्याचा हिशेब मांडला आणि घेतली.

वैशालीताई, आमची नोंदणी धरा, दोन मोठे आणि एक लहान. मुलीसाठी मंडळाची ११० ची जोडी हवी आहे, गंज नसलेल्या तीनपैकी एक असेल तर तीच ठेवा. नाहीतर श्रीधरदादा, रविवारी मी दगड घासायला येतो.
निखिल

प्रेषक: वैशाली (सहल समिती)

निखिल, नोंद केली. ११० ची जोडी गंजलेल्या चारांत आहे. रविवारी दहाला या. दगड श्रीधर आणतील, जुनी फडकी घरून आणा.