मदत हवी आहे: २०१० च्या गाडीचे धुरकट झालेले फॉग लॅम्प पावसाआधी साफ करायचे आहेत (आंबोली घाट)

नमस्कार. पाऊस तोंडावर आला आहे आणि एका कामात मी अडकले आहे, म्हणून हा धागा.

गाडी २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घेतली. इंजिन ठणठणीत आहे, गाडी विकायची नाही.

आम्ही सावंतवाडीला राहतो. आईला दर पंधरा दिवसांनी बेळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. गाडी मीच चालवते, पहाटे साडेपाचला निघतो. दाणोली मागे पडली की घाट लागतो, आणि जून ते सप्टेंबर वर आंबोलीपर्यंत धुकं इतकं दाट असतं की कधीकधी बॉनेटच्या पुढे काही नाही. गेल्या श्रावणात एका वळणावर कडेचा पांढरा पट्टा दिसेनासा झाला. हेडलाइट डिपरवर होते, फॉग लॅम्प चालू होते, तरी समोर नुसती पांढरी भिंत. मी जागच्या जागी थांबले, आईने माझा हात घट्ट धरला. परत येताना दुपारी ती जागा पाहिली. त्या वळणाला दहा-बारा फूट कठडाच नव्हता. तेव्हापासून हे दिवे डोक्यातून जात नाहीत.

दिव्यांची अवस्था अशी: उजव्याची काच पिवळसर आणि खरखरीत झाली आहे, बोट फिरवलं की जाणवतं. डावा दुधाळ दिसतो आणि गाडी धुतली की त्याच्या आत बारीक थेंब जमतात. टूथपेस्टने घासून पाहिलं, दोन दिवस बरं दिसलं, मग पुन्हा तसंच. शेजारचे काका म्हणतात डास पळवायचं मलम लावून पुसा, लगेच चकाकतं. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही फेकून बाजारातले नवे लावा. घरी नीट साफ होतील का? कशाने? आणि कुठे थांबावं, म्हणजे आता उपयोग नाही, नवाच घ्यावा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी घासणं थांबवा. आपण सगळे 'काच' म्हणतो, पण ती खरी काच आहे की प्लास्टिक ते पाहा. फॉग लॅम्पमध्ये दोन्ही येतात आणि दोन्हीचे उपाय वेगळे. नखाने टकटक करा. काचेचा आवाज खणखणीत येतो, प्लास्टिकचा बद्द. काच कधी पिवळी पडत नाही, त्यामुळे तुमचा उजवा प्लास्टिकचाच असणार असं वाटतं.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. दिवा पुसून कोरडा करा आणि वरून पाण्याचा हात फिरवा. ओला असताना स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. बारीक ओरखड्यांत पाणी भरतं म्हणून तेवढ्यापुरता तो पारदर्शक होतो. असा दिवा सुधारतो. ओला करूनही फरक पडला नाही तर दोष आत आहे, आणि बाहेरून कितीही घासलं तरी हाती काही लागणार नाही.

प्रतिसाद २

तुमच्या पांढऱ्या भिंतीबद्दल थोडं लिहिते, कारण या कामाचं मर्म तिथे आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते.

धुकं म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. हेडलाइट फॉग लॅम्पपेक्षा वर, म्हणजे तुमच्या नजरेला जास्त जवळ असतात; त्यांचा प्रकाश थेंबांवर आदळून विखुरतो आणि त्यातला बराचसा तुमच्याच डोळ्यांत परत येतो. फॉग लॅम्प म्हणून बंपरमध्ये खाली बसवतात. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. प्रकाश त्या कडेच्या वर जात नाही, रस्ता आणि कडेचा पट्टा तेवढा उजळतो.

काच धुरकट झाली की ही कड पुसली जाते. उजेड कमी होतो ते आहेच, पण उरलेला उजेडही वर फाकतो आणि समोरचं धुकंच उजळवतो. म्हणजे धुरकट फॉग लॅम्प चालू ठेवून तुम्हाला त्या दिवशी कदाचित आणखी कमी दिसत होतं. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून पाहा, कड दिसते का ते लगेच कळेल. दाट धुक्यात अप्पर लावू नकाच, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. काल दोन्ही परीक्षा केल्या. दोन्ही दिवे प्लास्टिकचे. उजवा पाणी लावल्यावर लख्ख दिसतो, वाळला की पुन्हा पिवळा. डावा ओला-कोरडा सारखाच दुधाळ. रात्री कुंपणाच्या भिंतीवर उजेड पाडला, तर कड कुठेच नाही, दोन पिवळट गोळे फक्त. इतके दिवस मी उजेड कमी पडतो एवढंच समजत होते.

प्रतिसाद ३

पुण्यात मी माझ्या जुन्या गाडीचे दिवे दोनदा केले. पहिल्यांदा चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

हे प्लास्टिक पॉलिकार्बोनेट असतं. कारखान्यातून त्यावर एक कडक पारदर्शक थर देतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो थर मरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. फॉग लॅम्प तर जमिनीलगत, त्यामुळे पुढच्या गाडीने उडवलेले खडे आणि रेती सोसतो. तुमच्याकडे जांभ्याची तांबडी धूळ, ती तर पॉलिश पेपरसारखीच काम करते.

आधी शॅम्पूच्या पाण्याने माती पूर्ण काढा, एक कण राहिला तरी नवा ओरखडा. बाजूच्या बंपरला मास्किंग टेप दोन पदरी लावा. मग वॉटर पेपर, नेहमी भिजवून: सुरुवात १००० नंबरने, थर फारच सोलवटला असेल तर ८०० ने, पुढे १५००, २००० आणि मिळाला तर ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधी आडवं मग उभं, म्हणजे मागच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. पहिल्या पेपरला पांढरं-पिवळं पाणी ओघळेल. ते पाणी स्वच्छ दुधी होईपर्यंत पुढचा पेपर घेऊ नका. मी इथेच घाई केली होती. १००० नंतर दिवा आधीपेक्षा वाईट दिसतो, सरसकट भुरा. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि मऊ कापड.

आता खरी गोष्ट. इथे थांबलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळा. घासून तुम्ही जुना संरक्षक थर काढून टाकलात, प्लास्टिक उघडं पडलं. त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट हवाच. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. त्या दोन घटकांच्या क्लिअरची वाफ फुप्फुसांना घातक असते, घरी बिनामास्कचा फवारू नका. आणि हे कोरड्या दिवशीच करा. दमट हवेत क्लिअरवर पांढरी झाक येते, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पंधरवडा आहे.

मलम लावू नका. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, म्हणून चकाकल्यासारखं वाटतं. पुढे तिथेच बारीक तडे जातात. पेट्रोल आणि थिनरही लांब ठेवा.

प्रतिसाद ४

कोल्हापुरात माझं गॅरेज हाय, डाव्या लॅम्पचं सांगतो ताई. मागनं बल्ब काढा, होल्डरवरची रबरी रिंग बघा. कडक झाली आसंल, चिरली आसंल तर पाणी तिथनंच जातंय. रिंग चार पैशाची आसती. पण आधी मोबाइलची बॅटरी लावून आत रिफ्लेक्टर बघा. आरशासारखा चकचकीत आसंल तर लॅम्प वाळवून, रिंग बदलून वाचतोय. काळवंडला, पापुद्रे निघालेत, तर तो गेला. ते चांदीवाणी दिसतं ते ॲल्युमिनियमचं अगदी पातळ लेपण आसतं, कापसानं पुसाय गेलासा तर बोळ्यावर येतंय.

आणि एक, उजेड वाढवायला म्हणून १०० वॅटचा बल्ब कुणी घालाय सांगितला तर ऐकू नका. आधी बल्बवर किती वॅट लिहिलंय ते वाचा, बहुतेक ५५ नायतर ३५ आसंल, तेवढाच घाला. जादा उष्णतेनं होल्डर वितळतोय, काच आतनं भाजती. नवा बल्ब काचेला बोट न लावता बसवा.

धागालेखिका

दहा दिवसांनी लिहिते आहे. उजवा मी स्वतः केला, रविवारची अख्खी सकाळ गेली. १००० च्या पेपरला पिवळं पाणी संपेना, हात भरून आला, पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून थांबले नाही. सावंतवाडीतल्याच एका पेंटरने क्लिअर मारून दिला. दोन खड्ड्यांचे ठिपके राहिले आहेत, ते जाणार नाहीत असं तो म्हणाला. बाकी आरपार स्वच्छ.

डावा उघडला. रिंग दोन ठिकाणी चिरलेली, आणि रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग राखेसारखा. बाबांनी लावलेला दिवा म्हणून जीव अडकला होता, पण तो बदलला. जोडी न घेता एकच मिळाला. उजव्याची रिंगही नवी घातली.

आता एक अडचण: भिंतीवर नव्या दिव्याची कड उजव्यापेक्षा वितभर वर दिसते.

प्रतिसाद ३

झकास काम केलंत! सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या. लॅम्पच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा आणि प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या साधारण ४ इंच खाली आणा. बऱ्याच लॅम्पना त्यासाठी स्क्रू असतो, खालून किंवा मागून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागतो. कड वर राहिली तर धुक्यात उजेड तुमच्याकडेच परत येईल आणि समोरच्याच्या डोळ्यांवरही जाईल.

धागालेखिका

स्क्रू सापडला, लॅम्पच्या खालच्या बाजूला. दोन्ही कडा आता एका रेषेत आहेत.

आज पहाटे गेलो. दाणोलीपासूनच पाऊस, वर गच्च धुकं. लांबचं काही दिसत नव्हतं, ते दिसणारही नाही. पण डावीकडचा पांढरा पट्टा वळणभर सलग दिसत राहिला. वीसच्या वेगाने गेले. त्या कठडा नसलेल्या वळणाला आई जागी होती, काही बोलली नाही, हातही धरला नाही.