चवथीच्या रात्री सगळ्या घराने बसून पाहण्यासारखा भुताचा सिनेमा सुचवा

माटोळी
यंदा चवथीला फोंड्याजवळच्या मूळ घरी सगळे जमतोय. आरत्या, फुगड्या आटपल्या की पोरांना भुताचा सिनेमा हवाच असतो. मागच्या खेपेला लावलेल्यात नुसतेच दाणदाण आवाज होते, थोड्या वेळात सगळे आपापल्या मोबाईलवर. आता असा हवा: घरातलं एक मूल भ्यालंय, त्याला काहीतरी दिसतंय, मोठी माणसं त्यालाच गप्प करतात, आणि शेवटी कळतं की घरानेच काहीतरी दडवलंय.
अडचणी: धाकटा भाचा बारा वर्षांचा. वहिनी गरोदर. आणि आजी मध्यभागी खुर्ची टाकून बसणार, तिला ऊठ म्हणायची कोणाची टाप नाही.

डिचोलीकार
तुंबाड! पाऊस, वाडा, खजिना, साखळीने बांधलेली म्हातारी. आपल्या कोकणातलाच.

राजांगण
@डिचोलीकार, सिनेमा थोर आहे, पण आजी आणि बारा वर्षांचा भाचा एका खोलीत असताना? त्यातले काही प्रसंग आले की सगळे एकदम पाणी प्यायला उठतील.

पात्रांव
मराठीच हवा तर लपाछपी (विशाल फुरिया). हिंदीत त्याचाच 'छोरी' झाला. उसाच्या शेतातलं घर, पूजा सावंतचं काम मस्त. पण गोष्टच गरोदर बाईची आहे रे बाबा, वहिनीसमोर चुकूनसुद्धा लावू नकोस.

राजांगण
माझं मत 'द अदर्स' (२००१). महायुद्ध नुकतंच संपलंय, जर्सी बेटावर धुक्यात बुडालेला वाडा, आई निकोल किडमन आणि दोन मुलं. मुलांना उजेड सोसत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि एका दाराला कुलूप घातल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. थोरली मुलगी सांगते, या घरात व्हिक्टर नावाचा मुलगा आहे. आई तिलाच शिक्षा करते, बायबल वाचत बसवते. भुतापेक्षा मला त्या आईचीच जास्त भीती वाटली. मूल खरं बोलतंय हे आपल्याला केव्हाच पटलेलं असतं, तरी खोटारडं तेच ठरतं. तू मागतोयस ते नेमकं हेच. रक्त जवळपास नाहीच. दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार, संगीतही त्याचंच. सिनेमात स्पॅनिश संवाद एक नाही, तरी स्पेनचा गोया पुरस्कार घेऊन गेला.

सांजवेळ
अदर्सचा पहिला अर्धा तास संथ आहे, पोरं चुळबुळ करतील. 'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) लावा. त्यातला कोल नऊ वर्षांचा, आईलासुद्धा सांगू शकत नाही काय दिसतं ते. गाडीत तो शेवटी आईशी बोलतो तो प्रसंग आला की आजी पदर डोळ्यांना लावणार, लिहून ठेवा. मध्ये एका आजारी मुलीच्या घरचं गुपितही फुटतं, ते फार अंगावर येतं.

माटोळी
सिक्स्थ सेन्सचा शेवट आमच्याकडे निम्म्यांना ठाऊक आहे, आणि भाऊ तो ओरडून सांगितल्याशिवाय राहणार नाही. 'द ऑर्फनेज' कोणी पाहिलाय का?

पात्रांव
मी. २००७ चा, स्पॅनिश. आई ज्या अनाथाश्रमात वाढली तिथेच नवरा आणि मुलाला घेऊन राहायला येते, आणि मुलगा नाहीसा होतो. मला तो अदर्सहून जास्त आवडतो, पण वहिनीसाठी नको. शिवाय मध्ये एक अपघात आहे, तो पाहून मीच मान फिरवली. पणजीला इफ्फी चित्रपट महोत्सवात बसून सबटायटल वाचायची सवय असलेले आपण वेगळे, घरची मंडळी वेगळी.

माटोळी
मग अदर्सच. आजीला इंग्रजीतलं कसं समजावू?

राजांगण
माणसं मोजकी आणि बहुतेक सगळं एकाच घरात घडतं, कोणीतरी शेजारी बसून हळू सांगितलं तर पुरे. आवाज मात्र टीव्हीच्या स्पीकरवर सोडू नका. या सिनेमात कुजबुज आणि वरच्या मजल्यावरची पावलं महत्त्वाची, पावसात ती ऐकूच येणार नाहीत. पत्र्याची शेड असेल तर त्या बाजूची खोली टाळा.

सांजवेळ
सांगणाऱ्याने आधी पाहिलेला नसावा. पाहिलेला माणूस नको तिथे गालात हसतो आणि आजी लगेच ओळखते.

माटोळी
बहिणीला बसवतो, तिने पाहिलेला नाही. भावाला गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली, निरांजनाकडे लक्ष द्यायला.