नवरा-बायकोत हात जास्त कोण उचलतं?

पूर्वभागकर: काल रात्री आमच्या गल्लीत परत राडा, ती लाटणं घेऊन मागं, तो जिन्यावरून खाली, आणि सगळे खदखदून हसतायत. मित्र म्हणतो रिसर्चमध्ये बायकाच जास्त मारतात असं आलंय. खरंय का बे?

हिशेबी_माणूस: अर्धं खरं. जॉन आर्चर म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ, त्यानं 2000 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, हात उचलण्यात बायका पुढं निघाल्या पण अगदी नावाला. जखमी झालेल्यांत मात्र 62 टक्के बायकाच. हे तुझा मित्र गिळून बसला. शिवाय बरेचसे अभ्यास अमेरिकेतले, त्यात कॉलेजची पोरं-पोरी भरपूर.

सातरस्ता_ताई: मोजतात कसं ते पण बघा ना. ढकललं का, चापट मारली का, वस्तू फेकली का, एवढंच विचारतात. इथं विड्या वळून बाईच्या हातात मजुरी पडली की तो दारूला मागणार, नाही म्हटलं की हाणणार, तिनं ढकललं की दोघांच्या नावावर एकेक टिक, झाली बरोबरी! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय.

चादरवाला: मान्य. पण मार खाणारे नवरेही असतात, 2005 चा घरगुती हिंसाचार कायदा फक्त बायकांसाठी, आणि असा नवरा चौकीत गेला तर चेष्टाच.

सातरस्ता_ताई: त्याने मारहाणीची तक्रार द्यावी की, आधी भारतीय दंड विधान (भादंवि) होतं, आता भारतीय न्याय संहिता. ती सगळ्यांना लागू आहे.

पूर्वभागकर: लाटणंवालीच्या दंडावर वळ होते म्हणे, आईनं आत्ता सांगितलं.