विनोदी सुपरहिरो कॉमिकला विडंबन कव्हर: आपलं काम की उसनवारी?

मोरजीचा_ब्रश
आम्ही चौघं मिळून गोव्यात मराठीतून एक विनोदी सुपरहिरो कॉमिक काढतो, तीन अंक झालेत. नायक रापणकार आहे, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं मासेमारीचं जाळं ओढणारा, पन्नासेक माणसांनी ओढायची रापण तो एकटा ओढतो, पण भरतीची वेळ दरवेळी चुकवतो. कव्हरं माझ्याकडे आहेत आणि प्रत्येक कव्हर मी जुन्या गाजलेल्या सुपरहिरो कव्हरचं विडंबन म्हणून काढतो. आता चौथ्यावरून आमच्यातच भांडण लागलंय, दोघं म्हणतात हे बंद कर, स्वतःचं काहीतरी काढ. माझं मत आधीच सांगतो, विडंबन कव्हर ही चोरी नाही, ते नीट काढायला मूळ कव्हरपेक्षा कमी कष्ट पडत नाहीत.

पहिलं घ्या. १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जो शूस्टरचं कव्हर. सुपरमॅनने हिरवी गाडी उचललीय, गाडीचं नाक खडकावर आपटलंय, डाव्या कोपऱ्यात एक माणूस डोकं धरून पळतोय. माझ्या कव्हरवर रापणकाराने काळ्या नंबरप्लेटची रेंट-अ-कार उचललीय, मोरजीच्या वाळूत रुतलेली, चाकांतून वाळू गळतेय, मागे कासवाच्या अंड्यांभोवतीचं कुंपण मोडलंय, आणि डाव्या कोपऱ्यातला माणूस पळायचं सोडून सेल्फी काढतोय. पहिल्या स्केचमध्ये मी गाडी आडवी ठेवली होती तर तिचं वजनच गेलं, पत्र्याचा रिकामा डबा वाटायला लागली. मग तिरकी केली, नायकाचा गुडघा वाकवला, टाच घोट्यापर्यंत वाळूत घातली, तेव्हा कुठे गाडी जड झाली. लाइटबॉक्सवर एकही रेघ ट्रेस केलेली नाही आणि सहीखाली "शूस्टरवरून" असं लिहिलंय, तिकडचे चित्रकारही अशा कव्हरवर मूळ चित्रकाराचं नाव देतात. आता बोला.

पेडणेकरीण
ब्रश, तुझा हात चांगला आहे त्याबद्दल वाद नाही. पण मी तुझे अंक माझ्या सातवीच्या मुलांना दाखवले. पहिल्या कव्हरला सगळी हसली, कारण रुतलेली गाडी त्यांनी डोळ्यांनी बघितलीय, शूस्टर त्यातल्या एकालाही माहीत नव्हता. दुसरं कव्हर दाखवलं, ते दोरीला लोंबकळून काखेत माणूस धरलेलं, स्पायडरमॅनच्या १९६२ च्या पहिल्या कव्हरवरून केलेलं, तर एक मुलगा म्हणाला, टीचर, हा असा का लोंबकळतोय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अत्र्यांनी केशवकुमार नावाने "झेंडूची फुले" लिहिली तेव्हा ज्या कवितांची टर उडवली त्या वाचणाऱ्यांच्या तोंडात होत्या, म्हणून ती विडंबनं पोचली. पेडण्यातल्या पोराच्या तोंडात काय आहे? दशावतारातला संकासुर आहे, नरकासुर आहे. ते टाकून तू पोरांना न्यूयॉर्कचं कव्हर ओळखायला लावतोस आणि ओळखलं नाही तर विनोद त्यांच्या डोक्यावरून जातो, हे मला पटत नाही.

फोंड्याचा_वाचक
मुलांना माहीत नाही म्हणून काढूच नये हे काय झालं? मी ही मूळ कव्हरं जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शोधून बघत आलोय, आणि ओळख पटते तेव्हा जो आनंद होतो तो मोठा असतो, तो वाचकाला द्यायलाच हवा. आणि विनोदी सुपरहिरो मालिका म्हणशील तर १९८७ ची जस्टिस लीग बघ. लेखन गिफन आणि डीमॅटिसचं, पहिल्या अंकाचं कव्हर केविन मॅग्वायरचं. खलनायक नाही, ठोसा नाही, मागे धड देखावा पण नाही, एक घोळका वरून दिसतोय आणि सगळ्यांनी माना वर करून आपल्याकडे बघितलंय. कोण वैतागलेला, कोण ऐटीत, कोण शांत. नुसत्या चेहऱ्यांवर मालिकेचा सूर कळतो. या एका कव्हरची विडंबनं पुढे कितीतरी झाली. नक्कल करायला सोपं म्हणून नाही झाली, त्या चौकटीत कुठलीही माणसं बसतात म्हणून झाली.

वकील_म्हापसा
एक गोष्ट साफ करते कारण इथे "विडंबन म्हणजे चालतं" असं सगळे गृहीत धरून बोलतायत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेल्या योग्य वापराला सूट आहे, विडंबन हा शब्द तिथे नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला संरक्षण दिलं, पण का, तर ते मूळ नाटकावरच टीका करत होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गाण्याच्या खटल्यात सांगितलं की विकायला काढलेलं विडंबनही योग्य वापर ठरू शकतं, आणि तिथेही हाच फरक केला, मूळ कृतीवर बोलणं वेगळं आणि मूळ कृती वापरून तिसऱ्याच गोष्टीवर बोलणं वेगळं. ब्रश बाब, तुझी रेंट-अ-कार सुपरमॅनबद्दल काहीच बोलत नाही, ती किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांबद्दल बोलते. म्हणजे तू कमकुवत बाजूला उभा आहेस. पोजपुरतं ठेव, नावं, चिन्हं, शीर्षकाची अक्षरं यांना हात लावू नको, ट्रेडमार्कचा कायदा वेगळा आहे.

मोरजीचा_ब्रश
वकील बाय, अक्षरं आमची आम्ही काढतो, छातीवर चिन्ह नाही, उघडी छाती आहे. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी सुपरमॅनवर हसत नाहीये, मला त्याची ताकद उसनी हवीय. टीचर, दुसरं कव्हर फसलं हे मान्य करतो. त्यात मी पोज घेतली आणि आमच्या गोष्टीत तो तसा लोंबकळतच नाही, माझीच चूक.

पडदे_रंगवणारा
मी जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवण्यात आयुष्य काढलं, महालाचा, जंगलाचा, रस्त्याचा. नक्कल करूनच शिकलो तेव्हा नकलेला मी नावं ठेवणार नाही. पण शूस्टर आणि त्याचा लेखक सोबती सीगल यांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ साली १३० डॉलरला दिले, पुढे नाव सुद्धा गेलं, वर्षाचं मानधन आणि नाव परत मिळायला १९७५ उजाडलं. अशा माणसाच्या रेघेवर आपण पैसे घ्यायचे तर सहीखाली दोन शब्द लिहून भागत नाही. आतल्या पानावर चार ओळी त्याच्याविषयी लिहा.

आता चौथं कव्हर. तुझ्या मित्राने मला स्केच दाखवलं. मूळ कव्हर १९८५ चं जॉर्ज पेरेझचं, सुपरमॅनच्या हातात सुपरगर्लचा मृतदेह आणि तो रडतोय. तू रापणकाराच्या हातात फाटकी रापण दिलीस, तिच्यातून प्लास्टिकच्या बाटल्या लोंबतायत. बाब, ती पोज पेरेझच्याही आधीची आहे, मायकेलअँजेलोच्या पिएताची आहे, मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई. आपल्या गावात निम्म्या घरांत आल्तार, म्हणजे क्रिस्ती घरातली वेदी, आहे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला तुझं कव्हर बघून पेरेझ आठवणार नाही. तिला काय आठवेल त्याचा विचार केलास का?

मोरजीचा_ब्रश
सर, केला नव्हता. पण मी थट्टा म्हणून ते काढलेलं नाही हे मनापासून सांगतो. माझ्या आजोबांची रापण एका ट्रॉलरने फाडली, सत्तरच्या दशकात रापणकार ट्रॉलरवाल्यांविरुद्ध उठले तेव्हा ते त्यात होते. फाटकं जाळं त्यांनी घरी आणलं ते दोन्ही हातांवर असंच आडवं धरून आणलं, ओलं, वास येणारं, आणि बाकाखाली ठेवलं, पुढे कित्येक वर्षं ते तिथेच होतं. मला ती पोज पेरेझच्या कव्हरवर दिसली आणि आजोबा आठवले, म्हणून घेतली.

पेडणेकरीण
मग ते विनोदी मालिकेच्या कव्हरवर का? आजोबांची गोष्ट आत दोन पानं सरळ सांग ना, कुणाच्याही पोजवर न टेकता. कव्हरला "सुपरमॅनसारखं" म्हणून वाचक हसायला तयार होऊन येणार आणि समोर तुझे आजोबा. त्यात आजोबांवर अन्याय होतो असं मला वाटतं.

फोंड्याचा_वाचक
मी सुरुवातीपासून ब्रशच्या बाजूने आहे पण इथे टीचरचं बरोबर आहे. तरी विडंबन बंद कर हे मी म्हणणार नाही, चौथ्याला दुसरं घे.

पेडणेकरीण
घ्यायचंच असेल तर ते तुमचं मॅग्वायरचं घोळक्याचं घे. अंक चवथीला येतोय ना? मग वरून बघणारा कोण, तर माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट. छताला टांगलेल्या माटोळीच्या जागेवरून सगळं घर दिसतंय, कडेला कांगलां, घागऱ्यो, सुपारीची शिपटां, एखादं तोरिंग लोंबतंय, आणि खाली सगळ्यांच्या माना वर. आजी म्हणतेय गाठ सैल आहे, काका म्हणतोय सोडा रे आता, पोरगं तोंड उघडं टाकून बघतंय, आणि रापणकार दोन्ही हात वर करून एकटाच सगळी माटोळी तोलून धरलेला, घामाघूम. जस्टिस लीग माहीत असलेला ओळखेल. माझी सातवी आपलं घर ओळखेल. हे असलं विडंबन असेल तर माझा विरोध नाही. उसनवारी मला अजूनही आवडत नाही, पण निदान घेतलेलं घरात कामाला तरी आलं.

मोरजीचा_ब्रश
टीचर, हे वाचून मी लगेच कागद घेतला. एकच अडचण आहे, वरून बघताना नाकाखालचा भाग आखडतो, कपाळं मोठी होतात, आणि मी आजवर सगळे चेहरे समोरून काढलेत. आजीचा चष्मा वरून कसा दिसतो तेच मला माहीत नाही.

पडदे_रंगवणारा
माझ्या घरी माटोळीची लाकडी चौकट बारा महिने छतालाच असते. रविवारी ये, मोबाइल तिला बांध. आमच्या घरात नऊ माणसं आहेत, सगळ्यांना खाली उभं करतो. चष्मा माझ्या बायकोला आहे. पेरेझचं स्केच पण घेऊन ये, ते फाडू नको, आजोबांच्या पानांना त्यातलं जाळं उपयोगी पडेल, जाळ्याची ओली घडी तू फार चांगली काढलीस.

वकील_म्हापसा
आणि सहीखाली "मॅग्वायरवरून" लिहायला विसरू नको.